थंडोबा आणि चांदीचं पाणी

त्या माणसाला सगळे थंडोबा म्हणत. एक तर त्याची उमेदीची सगळी वर्षं बर्फाच्या कारखान्यात गेली होती, आणि दुसरं म्हणजे त्याला चिडलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. बायको म्हणायची, घराला आग लागली तरी हा माणूस आधी चपला कुठं काढल्यात ते शोधेल. यावरही तो हसायचा. नाव इतकं अंगवळणी पडलं होतं, की खऱ्या नावानं कुणी हाक मारली तर तो मागं वळूनसुद्धा बघत नसे.

कारखाना बंदराला लागून होता. मासेमारीच्या होड्या बाहेर पडायच्या आधी तिथून बर्फ भरून नेत. लांबलचक शेड, तिच्या जमिनीत एक भलीमोठी टाकी, टाकीवर ओळीनं लाकडी झाकणं. खाली मिठाचं पाणी. गोड्या पाण्यानं भरलेले पत्र्याचे उंच डबे त्या मिठाच्या पाण्यात सोडायचे. मिठाचं पाणी कितीही गार झालं तरी वाहतंच राही, आणि डब्यातलं गोडं पाणी मात्र कडेपासून आत आत गोठत जाई. लादी तयार झाली की डबा साखळीनं वर ओढायचा, साध्या पाण्याच्या हौदात क्षणभर बुचकळायचा आणि आडवा करायचा. लादी सुर्रकन बाहेर घसरायची. थंडोबानं हे काम इतकं केलं होतं, की डब्यावर बोटाचं पेर वाजवून आत किती बर्फ धरलाय आणि किती पाणी उरलंय हे तो सांगायचा.

या गारठ्याचा धनी होता अमोनिया. जाड नळ्यांतून तो फिरायचा. टाकीपाशी आला की त्याची वाफ व्हायची आणि तो भोवतालची सगळी ऊब शोषून घ्यायचा. मग यंत्र त्याला दाबायचं, पुन्हा पातळ करायचं आणि पुन्हा फेरीला धाडायचं. तोच अमोनिया वर्षानुवर्षं त्याच नळ्यांतून फिरत होता. घटत नव्हता की झिजत नव्हता. नळीला कुठं भेग पडली तरच तो बाहेर यायचा, आणि तेव्हा डोळे असे चुरचुरायचे की तोंडाला ओलं फडकं लावून सगळ्यांना दाराकडे पळावं लागायचं.

या सगळ्यातून थंडोबाची एक समजूत पक्की झाली होती. जगात काहीही बदललं तरी ते परत येतं, अशी ती समजूत होती. पाण्याचा बर्फ होतो, बर्फाचं पाणी. मीठ पाण्यात नाहीसं होतं, पण टाकीच्या कडेला पाणी वाळलं की पांढरा थर मागं राहतोच. फुटक्या लाद्यांचे तुकडे हौदात टाकले की उद्याच्या डब्यांत तेच पाणी. लेक शाळेत असताना तिला बदलांचे प्रकार लिहायला सांगितले होते, तेव्हा तिनं बापाला विचारलं. बापानं बसल्या बसल्या सगळे बदल एकाच खान्यात घालून दिले. लोखंड गंजतं? गंज खरवडला की लोखंडच की. लाकूड जळतं? त्यावर मात्र तो जरा अडला, मग म्हणाला, राख तर उरतेच ना. लेकीला त्या गृहपाठात भोपळा मिळाला, आणि पुढं कितीतरी दिवस बायकोला जेवताना हसायला एक विषय मिळाला.

मग होड्यांवरच बर्फ करणारी छोटी यंत्रं आली. गिऱ्हाईक आटत गेलं, आणि एका सकाळी मालकानं सगळ्यांना शेडमध्ये बोलावून कारखाना बंद होत असल्याचं सांगितलं. शेवटच्या दिवशी टाकी रिकामी केली. थंडोबानं अमोनिया काढून नेणाऱ्या लोकांना नळ्यांचा कोपरान् कोपरा दाखवला, झाकणं रचून ठेवली आणि घरी येऊन बायकोला इतकंच म्हणाला, की आज हात पहिल्यांदाच गरम वाटतायत.

तो घरी बसला, तसं बायकोच्या लक्षात आलं की रिकामा थंडोबा भलताच त्रासदायक प्राणी आहे. तो फ्रीज उघडायचा, आतला बर्फ निरखायचा आणि त्यात हवेचे बुडबुडे फार आहेत म्हणून नाक मुरडायचा. शेवटी तिनं आपल्या थोरल्या बहिणीला फोन केला.

ही थोरली बहीण, जिला घरात सगळे ताई म्हणत, आरशांचा कारखाना चालवायची. कारखाना म्हणायचं आपलं. एका अरुंद रस्त्यावरच्या तीन खोल्या. पूर्वी तिचा नवरा आणि ती दोघं मिळून काम करत. तो गेल्यावर लोकांना वाटलं की आता कुलूप लागणार. पण ताईनं लग्नाआधी कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं होतं आणि नंतरची सगळी वर्षं नवऱ्याच्या जोडीनं हात काळे केले होते. तिनं कुलूप लावलं नाही. तिला काच उचलायला खंबीर माणूस हवाच होता, आणि घाई न करणारा हवा होता. धाकटीनं सांगितलं, की घाई न करणारा माणूस या पृथ्वीवर एकच आहे आणि तो सध्या माझा फ्रीज उघडून बसलाय.

पहिल्याच दिवशी थंडोबानं कारखाना रस्त्यावर आणला.

झालं असं. बाहेरच्या खोलीत दोन बायका काचा घासत होत्या. गुलाबीसर पावडरीची ओली पेस्ट करून ती नमद्याच्या गोळ्यानं काचेवर फिरवायची, बोटाचा एक ठसासुद्धा उरता कामा नये. थंडोबा त्यांच्याशेजारी उभा राहून बघत होता. इतक्यात मधल्या खोलीतून वासाची एक तिखट सुई त्याच्या नाकात शिरली. त्यानं दुसरा विचारच केला नाही. फडकं पाण्यात बुचकळलं, तोंडाला लावलं, दोघींना दंडाला धरून उठवलं आणि दाराबाहेर काढलं. समोरच्या चपलांच्या दुकानदारालाही त्यानं हात करून लांब जायला सांगितलं. मग गळती शोधायला तो मधल्या खोलीत घुसला, तर तिथं ताई हातात एक लहानशी बाटली धरून शांतपणे उभी.

ती म्हणाली, "भावोजी, गळती नाही. बाटलीचं बूच मी काढलंय."

बाहेर दोघी बायका गुलाबी हातांनी पोट धरधरून हसत होत्या. थंडोबा ओशाळला, पण त्याला खरं नवल वेगळंच वाटत होतं. इतकी वर्षं नळीत कोंडलेला आपला जुना सोबती इथं एका बाटलीत, पाण्यात मुरून बसलाय. त्यानं विचारलं, इथं काय गार करता यानं? ताई म्हणाली, इथं तो गार करत नाही, इथं तो कामात पडतो. म्हणजे काय, ते त्याला कळलं नाही.

ताईनं तोंडानं सांगण्याऐवजी त्याला ते बघायला बसवलं. मधल्या खोलीत एक लोखंडी चौकट होती, कमरेएवढी उंच, वरती फक्त चार कडा, मधे मोकळं. त्यावर एक स्वच्छ काच ठेवली होती आणि ताईनं पाणसळ लावून ती तंतोतंत सरळ केली होती. तिनं थंडोबाला चौकटीखाली स्टुलावर बसायला सांगितलं आणि म्हणाली, वर बघा, हलू नका. त्याला वाटलं आपली थट्टा चाललीय. तरी तो बसला.

काचेतून त्याला वरचं छत दिसत होतं. बंद पंखा, पंख्याच्या मागं छताला गेलेली एक बारीक चीर, आणि कडेला ताईचा वाकलेला चेहरा. तिनं काच आधी कथलाच्या पाण्यानं धुतली, मग साध्या शुद्ध पाण्यानं. मग दोन भांड्यांतली दोन पाणी एकत्र केली. दोन्ही पाण्यासारखीच नितळ, बिनरंगाची. ते मिश्रण तिनं काचेवर ओतलं, आणि ते एकसारखं कडेपर्यंत पसरलं. पंखा थोडा थरथरला आणि पुन्हा स्थिर दिसू लागला. काहीच झालं नाही.

मग पाण्यात कोऱ्या चहाचा रंग उतरला. थंडोबाला वाटलं, काहीतरी बिघडलं. रंग गडद झाला, मातकट झाला, पंखा धुक्यात गेल्यासारखा पुसट झाला. आता तर नक्कीच बिघडलं, असं तो म्हणणार, तेवढ्यात एका कोपऱ्यात काहीतरी उजळलं. ते उजळणं सरकत सरकत मधे आलं. पंखा गेला, चीर गेली, ताई गेली. आणि जिथं छत होतं तिथून एक माणूस तोंड उघडं टाकून खाली त्याच्याकडे बघत होता.

तो स्वतःच होता हे कळायला त्याला एक क्षण लागला.

कितीतरी वेळ तो स्टुलावरून उठला नाही. ताईनं वरचं मळकं पाणी ओतून काच धुतली, तरी तो खालीच. आयुष्यभर त्यानं पाण्यातून वस्तू बाहेर येताना पाहिली होती, पण पाण्यातून येणारी वस्तू पाण्याचीच असायची. इथं पाण्यासारख्या पाण्यातून धातू आला होता. कुठं दडला होता तो? मिठासारखा विरघळून बसला होता म्हणावं, तर वाळल्याशिवायच तो बाहेर कसा आला? शेवटी त्यानं आपल्या परीनं विचारलं, की ही चांदी आत होती का नव्हती.

ताईनं कपाटातून काळ्या रंगाची एक बाटली काढली. आत साखरेसारखे पांढरे खडे होते. ती म्हणाली, हे चांदीचं मीठ. यात चांदी आहे, पण चांदीपण नाही. चकाकी नाही, घण मारला तर पत्रा होणार नाही, भुकटी होईल. चांदी नुसती चांदी असते तेव्हा ते मूलद्रव्य. नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्याशी ती अशी बांधली गेली की तिघांहून निराळा चौथाच पदार्थ होतो, तो हा. मिठाच्या पाण्यात मीठ आणि पाणी शेजारी शेजारी राहतात, आपापला स्वभाव राखून. ते नुसतं मिश्रण. इथं तसं नाही. इथं शेजार नाही, इथं संसार आहे. मग अमोनिया मधे पडतो, दुसऱ्या भांड्यातलं ग्लुकोज मधे पडतं, आणि तो संसार मोडून चांदी मोकळी होते.

थंडोबानं त्यातला एक खडा बघायला तळहातावर घेतला. ताई नको म्हणेपर्यंत घेतलाही. संध्याकाळी तळहातावर एक तपकिरी डाग उमटला आणि सकाळपर्यंत तो काळा कुळकुळीत झाला. साबण झाला, लिंबू झालं, दगडानं घासून झालं. डाग तसाच. बायको म्हणाली, इतकी वर्षं बर्फात राहून कोरे हात घेऊन आलात, आणि आठवडाभरात तोंड काळं करायला निघालात, सुरुवात हातापासून केलीय एवढंच. कातडी झडून नवी येईपर्यंत तो डाग राहिला. थंडोबा अधूनमधून मूठ उघडून तो बघायचा. चांदी कातडीत शिरून काळी झाली होती आणि आता तिला परत बोलवायची सोय नव्हती.

त्या दिवसांपासून त्याला एक नाद लागला. समोर येईल ती वस्तू तो मनातल्या मनात दोन ढिगांत टाकू लागला. परत येणारं एका बाजूला, न येणारं दुसऱ्या. चहातली साखर परत येणारी. उकडलेलं अंडं न येणारं. कितीही गार केलं तरी पातळ होत नाही, हे त्यानं फ्रीजमध्ये ठेवून बघितलं, आणि बायकोनं त्याला स्वयंपाकघरातून हाकललं. मेणबत्तीनं त्याला भारी छळलं. खाली ओघळून थिजलेलं मेण पहिल्या ढिगातलं, पण वातीच्या टोकाशी जे मेण जात होतं ते कुठल्या ढिगातलं? एकच मेणबत्ती, एकाच वेळी दोन्ही ढिगांत. तो तिच्यापुढं इतका वेळ बसून राही की बायकोला वाटे, याचं काही बिनसलं तर नाही ना.

पण माणसाची जुनी सवय जिरता जिरत नाही, आणि तिनंच एकदा घात केला.

ताईचा एक नियम होता. ओतून उरलेलं चांदीचं पाणी त्याच दिवशी, तिच्या देखत, ठरलेल्या बादलीत जायचं. ठेवायचं नाही म्हणजे नाही. त्या दिवशी ती एका गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेली होती आणि आवरायचं काम थंडोबाकडे होतं. चंबूत बरंच पाणी उरलं होतं. ते टाकणं त्याच्या जिवावर आलं. कारखान्यात फुटक्या बर्फाचा तुकडा कधी वाया गेला नव्हता. पाणी ते पाणी, उद्या वापरता येईल. त्यानं चंबूवर कागद बांधला आणि तो खिडकीत ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. खिडकीत ऊन येत होतं.

सुट्टीनंतर तो सगळ्यांच्या आधी आला. चंबूच्या गळ्यापाशी काळपट खपली धरली होती, मोहरीएवढी. त्यातला एक कण खिडकीच्या कठड्यावर पडला होता. कठडा पुसायला त्यानं फडकं फिरवलं, आणि त्याच्या बोटाखाली फाडकन् बार उडाला.

फडक्याला भोक पडलं. कानात शिट्टी वाजू लागली. बोटं जागच्या जागी होती, पण ती आपली आहेत असं वाटत नव्हतं. दारात ताई उभी होती; तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीतल्या चंबूकडे, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "काही उचलू नका. जसे आहात तसे मागं या."

तो मागं मागं येत दाराबाहेर पडला. ताईनं दार ओढून घेतलं, काचा घासणाऱ्या दोघींना कोपऱ्यावरच परतवलं, चपलांचं दुकान बंद करायला लावलं आणि अग्निशमन दलाला फोन लावला. या वेळी कुणी हसत नव्हतं. बंब आला. जवानांनी ताईकडून सगळं नीट ऐकून घेतलं, रस्त्याची दोन्ही तोंडं अडवली आणि आडोशाला राहून खिडकीवर लांबून पाण्याचा झोत सोडला. आतून एक दणका आला. खिडकीचं तावदान रस्त्यावर येऊन पडलं. मग नुसतं पाणी वाहत राहिलं.

कुणाला खरचटलंही नाही. जवान आत जाऊन, सगळं धुऊन, खात्री करून गेले. त्यांच्यातल्या मोठ्यानं ताईला चार शब्द सुनावले. तिनं ते खाली मान घालून ऐकून घेतले आणि थंडोबाकडे बोट दाखवलं नाही. थंडोबा समोरच्या पायरीवर बसला होता. ताई येऊन शेजारी बसली, तसा तो म्हणाला की उद्यापासून मी येत नाही. मला वाटलं होतं, पाणी म्हणजे पाणी. रात्र गेली तरी पाणीच राहील.

ताईनं रस्त्यावरचा काचेचा एक तुकडा उचलला.

"भावोजी, हे तावदान परत अख्खं होईल?"

"नाही."

"मग हे तुमच्या दुसऱ्या ढिगातलं?"

तिला ढिगांबद्दल माहीत होतं हे ऐकून तो चमकला. बहिणीबहिणींचं बोलणं होतं तर. त्यानं तुकडा हातात घेतला. न येणारं, म्हणजे दुसऱ्याच ढिगातलं. पण तसं म्हणायला जीभ उचलेना. तुकड्यातून समोरचा रस्ता स्वच्छ दिसत होता.

"काचच आहे ही," तो म्हणाला.

"काचच आहे. हजार तुकडे केले तरी काचच. परत येतं की नाही हे विचारत बसू नका. जे होतं तेच आहे का दुसरं काही झालंय, एवढंच विचारा. तो चंबू तुम्ही ठेवलात तेव्हा आत एक पदार्थ होता. सकाळी दुसराच होता. बाहेरून दिसायला पाणीच."

थंडोबानं तो तुकडा जपून पायरीवर ठेवला. भीती ओसरत होती आणि तिच्या जागी दुसरंच काही चढत होतं. खिडकीतल्या त्या चंबूला कुणी हात लावला नव्हता, कुणी ढवळलं नव्हतं. सगळे आपापल्या घरी होते. आणि तरी आत, उन्हात, एक पदार्थ मुकाट्यानं दुसरा होत होता. घरी जाऊन त्यानं हे बायकोला सांगितलं. बायकोनं आधी त्याची दहाही बोटं धरून पाहिली, मग ती त्याच्याशी दिवसभर एक अक्षर बोलली नाही, आणि सकाळी डबा भरून हातात देत म्हणाली, ताईनं हाकललं नाही ना, मग जा. आणि सांगितलेलं ऐकत जा.

ताईनं त्याला हाकललं तर नाहीच, उलट उरलेलं पाणी बादलीत टाकण्याचं काम कायमचं त्याच्याकडे दिलं. म्हणाली, आता तुमच्याइतकं नेमानं ते कुणी करणार नाही. ते खरंच ठरलं.

पुढं काही महिन्यांनी एक सलूनवाला आपला आरसा घेऊन आला. त्याच्या आजोबांच्या वेळचा, भिंतभर, जाड काचेचा. मागची चांदी जागोजाग काळी पडली होती. सलूनवाला म्हणाला, गिऱ्हाइकं तक्रार करतात, दाढी गुळगुळीत झाली तरी आरशात गालाला भोकंच दिसतात. जुनी काच त्याला टाकवत नव्हती. ताईनं काम घेतलं.

पाठीवरचा रंग उतरवून झाल्यावर त्यांनी आरसा मागच्या अंगणात, उघड्या हवेत नेला. ताईनं हातमोजे घातले, चष्मा लावला आणि आम्ल ओतलं. थंडोबा वाऱ्याच्या बाजूनं, लांब उभा होता. चांदी विरत गेली. जिथं आकाश दिसत होतं तिथं आता खालची फरशी दिसू लागली. सलूनवाल्याच्या आजोबांपासूनचे सगळे चेहरे ज्या चांदीनं पाहिले ती चांदी आता एका काचेच्या भांड्यात होती, आणि भांड्यात दिसत होतं काय, तर पाणी.

ताईनं त्यात भरपूर पाणी मिसळलं आणि तांब्याच्या तारेची एक गुंडाळी सोडली. मग म्हणाली, तुम्ही बसा, मी बाकीचं आवरते.

आधी तार काळवंडली. मग तिला लव फुटली. करडी, बारीक, मखमलीसारखी. लव वाढली, तिला फाटे फुटले, फाट्यांना टोकं आली, आणि त्या टोकांवर उन्हाचा कण चमकला. थंडोबा गुडघ्यावर बसला. हे त्याच्या ओळखीचं होतं. अमोनियाच्या नळ्यांवर असंच दहिवर धरायचं, अशीच पिसं, अशाच सुया. बोट लावलं की वितळून जायची. त्यानं न राहवून भांड्याला बाहेरून हात लावला. भांडं गार नव्हतं. ही पिसं वितळणारी नव्हती. ती चांदी होती, खरीखुरी चांदी, तारेवर झाडासारखी उगवत होती. आणि भोवतालचं बिनरंगी पाणी हळूहळू निळं होत होतं. जितकी चांदी बाहेर येत होती तितकं तांबं तिच्या जागी पाण्यात जात होतं. एक निघत होतं, दुसरं शिरत होतं. ना आवाज, ना धक्काबुक्की.

ताई आली तेव्हा तो तसाच गुडघ्यावर होता. तो म्हणाला, "ताई, ही तर परत आली."

"आली."

"आणि तरी हा दुसऱ्याच तऱ्हेचा बदल."

"हो. मीठ झाली होती, पुन्हा चांदी झाली. दोन्ही वेळा पदार्थ बदलला."

"म्हणजे माझा बर्फ इतकी वर्षं कुठंच गेला नव्हता," तो म्हणाला. "कपडे बदलत होता फक्त."

हे तो दुःखानं म्हणाला नाही. ताईला वाटलं याला वाईट वाटेल, पण त्याचा चेहरा उजळला होता. दोन्ही गोष्टी त्याला सारख्याच अचाट वाटत होत्या. पाणी दगडाएवढं कठीण होऊनही पाणीच राहतं, ही एक; आणि पाण्यासारखं दिसणाऱ्यातून झाडासारखा धातू उगवतो, ही दुसरी. आजवर पहिलीकडे त्यानं रोजच्या कामाच्या घाईत पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन त्यानं पेलाभर पाण्यात बर्फाचा खडा टाकला आणि तो तरंगताना बघत बसला. पाण्यावर पाणीच तरंगत होतं.

सलूनवाल्याच्या काचेवर नवी चांदी ओतली ती थंडोबानं. ताई बाजूला हाताची घडी घालून उभी होती आणि तिनं एकदाही मधे तोंड घातलं नाही. आरसा इतका निर्मळ उतरला, की भिंतीवर लावल्यावर सलूनवाल्यानं तक्रार केली, आता गिऱ्हाइकांना पांढरे केस फार दिसतात.

वर्षं गेली. थंडोबाचे स्वतःचेही केस पांढरे झाले. लेक लग्न होऊन जवळच राहत होती; तिला मुलगी झाली, तेव्हा बाळंतपणासाठी ती आईकडे आली. तेव्हापासून थंडोबा कारखान्यातून सरळ घरी येऊ लागला. हात कोपरापर्यंत धुवायचा, नखं घासायचा, शर्ट बदलायचा आणि मगच नातीजवळ जायचा. लेकीला वाटायचं बाबा जरा अतीच करतात. खिडकीतल्या चंबूची गोष्ट तिला पुरती माहीत नव्हती.

एका दुपारी नात झोपली होती. आजीनं तिची इवलीशी मूठ उघडली आणि लहान कात्रीनं एकेक नख कापायला घेतलं. बाळानं स्वतःचा गाल ओरबाडला होता. थंडोबा शेजारी बसून श्वाससुद्धा बेतानं घेत होता. कापलेल्या नखाचा एक तुकडा चादरीवर पडला, चंद्रकोरीसारखा, पापणीच्या केसाहून थोडा रुंद. त्यानं तो बोटाच्या टोकावर उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. आरपार दिसत होतं. कडेला मात्र धार होती.

"अगं," तो लेकीला म्हणाला, "हिला दुधाशिवाय काही देता का?"

"बाबा, दोन महिन्यांची आहे ती. दूध. फक्त दूध."

"फक्त दूध," तो म्हणाला.

बायकोनं कात्री थांबवून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेची तिला सवय होती. मेणबत्तीपुढं बसायचा तेव्हा अशीच असायची. ती काहीतरी चिमटा काढणार होती, पण तिचीही नजर त्या तुकड्यावर गेली आणि तिथंच राहिली. दूध पांढरं, पातळ, गोडसर. हे कठीण, नितळ, धारदार. मधे कुणाचा हात लागलेला नाही, कुणी ओतलेलं नाही, कुणी पाणसळ लावलेली नाही. पाळण्यात झोपल्या झोपल्या ही चिमुरडी दुधाची नखं करत होती. केसही करत होती. थोड्या दिवसांत दातही करणार होती.

लेकीनं विचारलं, दोघं असे काय बघताय? तेव्हा आजीच म्हणाली, काही नाही गं, तू जरा हळू बोल. आणि तिनं बाळाचा दुसरा हात उचलला.